तुरुंगातली थाळी

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांनी ती याचिका केली होती. स्वयंपाक कुणी करायचा, संडास कुणी साफ करायचा, कुणाला कुठल्या बराकीत ठेवायचं हे जातीवरून ठरवणारे जेल मॅन्युअलमधले नियम कोर्टाने घटनाबाह्य ठरवले. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, तीन महिन्यांत मॅन्युअल दुरुस्त करा, असं राज्यांना सांगितलं. मी बातमी वाचत होतो आणि डोळ्यासमोर येत होती माझ्या मामूंची स्टीलची थाळी.

नव्वदच्या दशकात एका गुन्ह्यात मामूंचं नाव आलं. सव्वातीन वर्षं ते कच्चे कैदी म्हणून आत होते. शेवटी निर्दोष सुटले. मी तेव्हा शाळेत होतो. सुटून आल्यावर ते नानीच्या घरी राहू लागले, पण दस्तरखानवर सगळ्यांबरोबर बसत नसत. भिंतीला पाठ लावून, उकिडवे बसून, भराभर जेवायचे. थाळी स्वतः धुवायचे आणि पलंगाखाली पालथी ठेवायचे. कुणी उचलायला गेलं की म्हणायचे, "मेरे बर्तन कू हात नको लगा." आम्हा पोरांना वाटायचं, मामू रागीट झालेत.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. बराकीत पहिल्या दिवशी त्यांना कुणी नाव विचारलं नाही, कलम विचारलं. कलम कळल्यावर झोपायला जागा मिळाली. नवा माणूस संडासाजवळ, जुना खिडकीजवळ, असा हिशेब. काही महिन्यांत मामू संडासापासून सरकत सरकत मधोमध आले. एक माणूस मात्र कधीच सरकला नाही. तो पारधी होता. संडास तोच धुवायचा. त्याच्या हातचं पाणी कुणी घेत नसे, त्याचा मग वेगळा होता.

"मीही घेतलं नाही," मामू म्हणाले. "पाच वक्त नमाज पढत होतो त्याच बराकीत. सफेत कुणाच्याही खांद्याला खांदा लावायचो. पण त्याच्या हातचं पाणी सव्वातीन वर्षांत एकदाही घेतलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. घेतलं असतं तर माझी जागा गेली असती."

मामू आता नाहीत. त्यांचं ते शेवटचं वाक्य माझ्याजवळ राहिलं. ज्याची इज्जत बाहेरच्यांनी काढून घेतली, तो आत जाऊन दुसऱ्याची इज्जत का काढतो? जगभरच्या तुरुंगांचा इतिहास मी वाचू लागलो तो याच प्रश्नापायी.

भोक पाडलेला चमचा

रशियापासून सुरुवात करतो, कारण तिथली व्यवस्था वाचताना आपल्याकडचीच कुणीतरी दुसऱ्या भाषेत लिहिली आहे असं वाटतं.

सोव्हिएत छावण्यांमध्ये १९२० आणि १९३० च्या दशकांत व्यावसायिक चोरांचा एक पंथ तयार झाला. त्यांना 'वोरी व झाकोने' म्हणत, म्हणजे 'कायद्यातले चोर'. कायदा अर्थातच त्यांचा स्वतःचा. सरकारसाठी काम करायचं नाही, सरकारला कसलीही मदत करायची नाही, लग्न-संसार करायचा नाही, जुगारातलं देणं बुडवायचं नाही, सामायिक निधीत वाटा द्यायचा. अंगावरचं गोंदण हे त्यांचं ओळखपत्र. गुडघ्यावर गोंदलेला तारा म्हणजे 'मी कुणापुढे गुडघे टेकत नाही'. न कमावलेली खूण गोंदवून घेणाऱ्याला कठोर शिक्षा होई. दिमित्री लिखाचेव्ह हे पुढे मोठे विद्वान म्हणून गाजले. तरुणपणी ते सोलोव्हकी बेटावरच्या छावणीत कैदी होते आणि त्यांचा १९३० मधला एक लेख गुन्हेगारांच्या पत्त्यांच्या खेळावर आहे. ज्या खेळात माणसाचे कपडे आणि भाकरी पणाला लागते, त्याचा अभ्यास त्यांनी आत राहूनच केला.

हा पंथ सरकारविरोधी होता असं म्हणतात. पण इतिहास थोडा वेगळा आहे. छावणीच्या कारभाऱ्यांच्या लेखी चोर हे 'सामाजिकदृष्ट्या जवळचे' होते आणि राजकीय कैदी 'जनतेचे शत्रू'. राजकीय कैद्यांना दाबात ठेवायला चोरांचा उपयोग सर्रास झाला. कोलिमाच्या छावण्यांत आयुष्याची उमेदीची वर्षं घालवलेले लेखक वार्लाम शालामोव्ह यांनी यावर फार कडवटपणे लिहिलं आहे. चोरांच्या 'इमानदारी'च्या कथा रंगवणाऱ्या रशियन साहित्यिकांनाही त्यांनी सोडलं नाही. ती इमानदारी फक्त चोराची चोराशी होती. बाकीची माणसं त्यांच्या लेखी माणसं नव्हतीच.

दुसऱ्या महायुद्धात काही चोर लाल सैन्यात जाऊन लढले. युद्धानंतर ते पुन्हा तुरुंगात आले तेव्हा जुन्यांनी त्यांना पंथाबाहेर काढलं. सरकारची बंदूक उचलली म्हणजे नियम मोडला. मग छावण्यांमध्ये दोन गटांत सुऱ्यांनी लढाई पेटली. स्टालिनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत ती चालली आणि कारभाऱ्यांनी ती आपल्या सोयीने चालू दिली.

लढाई संपली, पण उतरंड उरली. सर्वांत वर गुन्हेगार सरदार. त्याखाली मुकाट काम करून शिक्षा संपवणारे 'मुझिक', म्हणजे साधे गडी. त्याखाली अधिकाऱ्यांचे साथीदार. आणि तळाशी 'उतरवलेले'. या तळाच्या माणसांशी हस्तांदोलन नाही. त्यांच्या हातून काही घ्यायचं नाही. त्यांची झोपायची जागा संडासाजवळ, जेवायचं टेबल वेगळं, संडास साफ करायचं काम त्यांचं. त्यांचे चमचे-वाडगे चुकून इतरांत मिसळू नयेत म्हणून त्यांना भोक पाडतात. एखादा नवखा न कळत त्यांच्या टेबलावर बसला तर तोही बाटतो. हो, बाटतो. दुसरा शब्द मला सापडत नाही. आणि एकदा उतरवलेला माणूस पुन्हा वर चढत नाही. दुसऱ्या तुरुंगात पाठवला तरी त्याची ओळख त्याच्या आधी तिथे पोचलेली असते.

रशियात मनुस्मृती नव्हती. तळाच्या माणसाची जात जन्माने ठरत नाही. लैंगिक गुन्हा, लैंगिक कल, चुगलीचा संशय किंवा जबरदस्तीने झालेला अत्याचार, यातलं काहीही पुरतं. तरी विटाळाची सगळी व्यवस्था तिथे उभी राहिली. यावरून एवढं तरी दिसतं की अस्पृश्यता ही कुठल्या एका देशाच्या रक्तात नसते. माणसं कोंडली, त्यांच्या हाती काही ठेवलं नाही, की ती नव्याने जन्मू शकते.

२ मे २०२३ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अशाच काही 'उतरवलेल्या' कैद्यांच्या बाजूने निकाल दिला. ही उतरंड सरकारला माहीत होती आणि सरकारने काहीच केलं नाही, ही अमानुष वागणूकच आहे, असं न्यायालय म्हणालं. तोवर रशिया युरोप परिषदेतून बाहेर पडला होता.

उंदीर, व्यापारी आणि खरा मर्द

अमेरिकेत या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. डोनाल्ड क्लेमर यांचं तुरुंगातल्या समाजावरचं पुस्तक १९४० मध्ये आलं. तुरुंगात माणूस शिक्षेबरोबर तिथली रीतही अंगी बाणवत जातो, हे त्यांनी मांडलं. १९५८ मध्ये ग्रेशम साईक्स यांनी न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटनच्या तुरुंगावर लिहिलं. कैद हिरावून घेते त्या पाच गोष्टी त्यांनी मोजल्या: स्वातंत्र्य, वस्तू आणि सोयी, स्त्रीसहवास, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क, आणि सुरक्षितता. ही पाच दुःखं थोडी हलकी करण्यासाठी कैद्यांचा अलिखित नियम तयार होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या नियमाची भाषा गमतीची आहे. चुगली करणारा तो 'उंदीर'. दुसऱ्याचं हिसकावून घेणारा 'गोरिला'. जी वस्तू सोबत्याला सहज द्यायला हवी ती विकणारा 'व्यापारी', आणि त्याचा तिरस्कार गोरिलाइतकाच. आणि जो रडत नाही, भांडण उकरून काढत नाही, पहाऱ्यापुढे लाचार होत नाही, आहे ते वाटून खातो, तो 'खरा मर्द'. तुरुंगातली इज्जत ताकदीने मिळते असं सिनेमात दाखवतात. ट्रेंटनमध्ये ती सोसण्याच्या आणि वाटून खाण्याच्या रीतीवरून मिळत होती.

मग हे बदललं कसं? १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे २ लाख कैदी होते. चाळीसेक वर्षांत ते १६ लाखांवर गेले. डेव्हिड स्कारबेक या अभ्यासकाचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. तुरुंग लहान असतो, माणसं ओळखीची असतात, तेव्हा प्रत्येकाची पत वेगळी मोजता येते. हजारो अनोळखी माणसं कोंबली की ते जमत नाही. मग पत माणसाची न राहता टोळीची होते. कॅलिफोर्नियात १९५७ मध्ये मेक्सिकन माफिया तयार झाली, १९६० च्या दशकात गोऱ्यांची आणि काळ्यांची टोळी आली. आज तिथे नव्या कैद्याने कुठे उभं राहायचं ते त्याचा वर्ण ठरवतो. व्यायामाची जागा वेगळी, जेवणाचं टेबल वेगळं. दुसऱ्या वर्णाच्या माणसाच्या कपातून पाणी प्यायलं तर स्वतःचीच माणसं मारतात.

इथेही सरकार नामानिराळं नव्हतं. नव्या कैद्यांना पहिले काही आठवडे वर्णानुसार वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवायचं, असं कॅलिफोर्नियाचं अलिखित धोरण होतं. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कडक कसोटीवर तपासावं लागेल असं बजावलं. मारामारी टाळण्यासाठी हे करतो, अशी सरकारची बाजू होती. जगातल्या प्रत्येक तुरुंगाधिकाऱ्याची बाजू हीच असते.

आपल्याकडे सरकारनेच लिहून दिलं

आता भारत. कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळात कैद्यांना रोजचा भत्ता मिळे आणि जो तो आपलं अन्न शिजवून खाई. १८३८ च्या तुरुंगविषयक समितीनंतर सामायिक भटारखान्याची टूम निघाली. १८४० च्या दशकात बिहार आणि आसपासच्या तुरुंगांत त्यावरून दंगे झाले. १८५५ मध्ये पितळी लोटा हत्यार म्हणून वापरला जाईल या भीतीने तो काढून घेऊन मातीचं भांडं द्यायचं ठरलं, तर आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत बंड झालं. मुझफ्फरपुरात गावकरी आणि शेतकरी कैद्यांच्या मदतीला धावून आले आणि लोटे परत द्यावे लागले. दोन वर्षांनी १८५७ आलं, तेव्हा बंडवाल्यांनी जागोजागचे तुरुंग फोडले.

इंग्रजांनी यातून धडा घेतला तो असा की जातीला हात लावायचा नाही. पुढे प्रांतोप्रांतीची मॅन्युअल लिहिली गेली, त्यांत जातच नियम म्हणून उतरली. राजस्थानच्या मॅन्युअलमध्ये स्वयंपाकी ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू असावा असं होतं, तर सफाईसाठी मेहतर. उत्तर प्रदेशच्या मॅन्युअलमध्ये साध्या कैदेच्या कैद्याला हलकी कामं सांगू नयेत असं होतं, पण ज्यांच्या जमातीला तशा कामांची सवय आहे ते सोडून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही तुरुंगाच्या वह्यांतून 'सराईत' या नावाने चालत राहिला. मामूंच्या बराकीतल्या त्या पारध्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण त्याची जमात सगळ्यांना माहीत होती.

रशियात उतरंड कैद्यांनी रचली आणि सरकारने डोळे मिटले. अमेरिकेत टोळ्यांनी रचली आणि सरकारने तिची सोय लावली. आपल्याकडे सरकारनेच ती छापून दिली. त्यामुळे आपल्या बराकींना रशियन चोरांसारखा वेगळा पंथ काढायची गरज पडली नाही. गावातून जे घेऊन आलो तेच आत पुरलं. मुसलमान म्हणून मी यातून सुटका करून घेऊ शकत नाही. मशिदीतली सफ आम्हाला बरोबरी शिकवते, पण बराकीत आम्हीही गावाच्याच रीतीने वागतो. मामूंनी ते कबूल केलं, एवढंच.

जिथे पोळी वाटून खाल्ली

हे सगळं वाचून मन काळवंडतं. पण इतिहासात दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर लबाडी होईल.

दक्षिण आफ्रिकेचंच बघा. तिथल्या तुरुंगांत २६, २७ आणि २८ या आकड्यांच्या टोळ्या शंभराहून जास्त वर्षं आहेत. नोंगोलोझा या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दरोडेखोराला त्या आपला मूळपुरुष मानतात. गोऱ्या लष्कराची नक्कल करत त्यांनी जनरल, न्यायाधीश, डॉक्टर अशी पदं निर्माण केली. ज्या राजवटीने त्यांना तुडवलं तिचेच बिल्ले त्यांनी मनोमन छातीवर लावले.

त्याच देशात रॉबेन बेट होतं. १९६४ मध्ये नेल्सन मंडेला आणि त्यांचे साथीदार जन्मठेपेवर तिथे आले. त्यांच्यात अहमद कथ्राडा होते, गुजराती मुसलमान घरातले. सरकारने तिथेही माणसं वर्णानुसार मोजली. कथ्राडा भारतीय वंशाचे म्हणून त्यांना लांब पँट आणि ताटात पाव. मंडेला काळे म्हणून त्यांना आखूड चड्डी आणि पाव नाही. सरकारने बराकीत जात टाकली होती. कैद्यांनी ती उचलली नाही. ज्यांना जास्त मिळे ते गुपचूप वाटून खात आणि सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून सगळे मिळून झगडत. पहारेकऱ्यांना 'मालक' म्हणायला नकार देणं, धावा म्हटलं की संथ चालणं, अशा बारीक गोष्टींतून त्यांनी आपली इज्जत राखली. ती राखण्यासाठी त्यांना पायाखाली कुणी लागलं नाही.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगाचं. आठवड्याला एक आंघोळ, महिन्याला संडासच्या कागदाची एक गुंडाळी, अशा हालात ९ सप्टेंबर १९७१ रोजी कैद्यांनी तुरुंग ताब्यात घेतला. चाळीसेक कर्मचारी ओलीस होते. इतक्या वर्षांचा राग, त्यात कोणतंही सरकारी संरक्षण नाही. त्या ओलिसांभोवती कडं करून उभे राहिले ते काळे मुसलमान कैदी. ज्यांनी कुराणाची प्रत मिळावी म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याच जमातीचे हे लोक. त्यांनी आपल्या पहारेकऱ्यांना आपल्याच सोबत्यांच्या रागापासून वाचवलं. चार दिवसांनी, १३ सप्टेंबरला, राज्याच्या पोलिसांनी गोळीबार करत तुरुंग परत घेतला. त्यात ३९ माणसं मेली. त्यांत १० ओलीस होते, आणि ते सरकारच्याच गोळ्यांनी मेले.

रॉबेन बेट आणि ॲटिकातली माणसं फरिश्ते नव्हती. पण कोठडीत येण्याआधी किंवा आल्यावर त्यांच्याजवळ एक शिस्त होती, एक जमात होती, उद्याचा काही विचार होता. ज्याच्याजवळ हे असतं त्याला आपली जागा टिकवायला संडासाजवळचा माणूस लागत नाही. नॉर्वेसारख्या देशात तुरुंग लहान, कैदी थोडे, आणि दहा-बारा जणांना मिळून एक स्वयंपाकघर असतं. तिथे टोळ्यांचं फार चालत नाही. याचं श्रेय नॉर्वेच्या लोकांच्या स्वभावाला देण्याआधी त्या स्वयंपाकघराला दिलं पाहिजे.

आपल्याकडे दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे गुन्हा शाबीत न झालेले. मामूंसारखे. बराकी क्षमतेपेक्षा भरलेल्या. झोपायला वळकटीएवढी जागा मिळवण्यातच माणसाची माणुसकी खर्ची पडते. कोर्टाने जातीचा रकाना खोडायला सांगितला, ते योग्यच झालं. पण रकाना खोडल्याने बराकीतली जागा वाढत नाही आणि जामिनाची तारीख लवकर येत नाही. संडासाजवळची जागा जोवर आहे तोवर तिथे कुणाला तरी ढकलावं लागणार, आणि कुणाला ढकलायचं हे आम्हाला न विचारताही माहीत असतं.

त्या माणसाचं पुढे काय झालं, असं मी मामूंना विचारलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "मेरी रिहाई के दिन वो ही एक आदमी गेट तक आया. मी हात पुढे केला. तो मागे सरकला. त्याला वाटलं, मी बाटेन."

मामूंची ती थाळी आता आमच्या घरी आहे. अम्मीने ती बाकीच्या थाळ्यांमध्ये मिसळून टाकली. कुठली ती, मला ओळखू येत नाही.